लेन नंबर एक

मेडिकलच्या मागे आमची लॅब. कूलर एकच,
आणि तो मशीनकडे तोंड करून.
नवतपात बफर तापला
की पट्टे तिरपे धावतात, रिपोर्ट वाया.

पहिली लेन माझी.
एकोणीस वर्षं, दर सोमवारी,
डाव्या दंडातून दोन मिली काढून देते.
कंट्रोल म्हणतात मला:
जिच्यात काय आहे ते आधीच ठाऊक आहे, अशी बाई.
वीज सोडली की माझं रक्त दोन ठिकाणी थांबतं,
एक पट्टा पुढे, एक मागे रेंगाळलेला.
बाकीच्यांनी आपलं काय ते
माझ्या शेजारी उभं राहून बघायचं.

मागचा का रेंगाळतो, ट्रेनिंगला विचारलं होतं.
उंदीरवाडे सर डबा खात होते.
घास तसाच हातात ठेवून म्हणाले,
चार साखळ्या, प्रत्येक आपली आपण दुमडलेली,
तेलकट मणी आत, पाण्याशी पटणारे बाहेर,
दर साखळीच्या खोबणीत लोखंडाचा एक कण.
श्वास त्यावर बसतो, पायाच्या बोटापाशी उतरतो.
यातल्या दोघींचा सहावा मणी बदलला.
पाण्याशी पटणारा गेला, तेलकट आला,
तोही बाहेरच्या अंगाला.
एवढंच?
एवढंच. श्वास उतरला की तो शेजारणीच्या खाचेत रुततो,
ती तिच्या शेजारणीच्या,
आणि गोल पेशीचा विळा होतो.
मग त्यांनी घास खाल्ला.

मण्यांचा क्रम लिहिलेली वही
हाडांच्या पोकळीत. चार अक्षरं, तीन-तीनचे शब्द.
वही खोलीबाहेर येत नाही, नकला येतात.
एवढं पाठ होतं मला, परीक्षेपुरतं.
पण लाल पेशी रक्तात उतरण्याआधी
वहीच टाकून देते, हे कळलं
त्या रात्री जेवले नाही.
म्हणजे चूक अंगावर घेऊन निघायचं
आणि दुरुस्तीचा कागद मागे ठेवून.
एकशे वीस दिवस. विळ्याला तर वीसही नाहीत.

प्रसेनजित. घरात परश्या.
इंदोऱ्यात तेव्हा संधिवात म्हणायचे त्याला.
मे लागला की ओरडायचा,
मांडीच्या हाडात कुणी पहार घालतंय.
आई तेल चोळायची, म्हणायची,
पानी पे रे बाप्पा, पानी पे.
औषध तिला माहीत नव्हतं,
तरी त्यातलं अर्धं तिला माहीत होतं.
त्याचा पट्टा कुणी कधी काढला नाही.
मी मनातल्या मनात काढून बघितलाय:
एकच, मागचा, जाड.

काल सात नंबर आणि आठ नंबर.
हर्षाली कुमरे, लोकेश सलामे.
साखरपुड्याचा हॉल बुक, मानेवाड्याकडे.
निकाल समुपदेशनाच्या मॅडम सांगतात, मी नाही.
पण मॅडम जेवायला गेलेल्या
आणि पट्टी अजून ओली होती माझ्या हातात.
तो म्हणाला, जमते न जी?
चार चिठ्ठ्यांचा हिशेब माझ्या तोंडात होता,
तीन सोडून एक.
मी पट्टी वाळवत राहिले.

तिने वाकून बघितलं.
बोट सातवर, बोट आठवर,
मग सरळ डावीकडे, पार टोकाला.
हे कोनाचं? आमच्यासारखंच आहे.
माझं.
तुमाले काही नाही झालं?
मले नाही.

"मले" जरा जड पडला.
तो परत घेता आला नाही.
ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली,
तो कूलरच्या टाकीकडे, तळ दिसायला लागला होता.
मी बादली उचलली.
दुसरी तिने.